बरा आणि मिस्कील

३ फेब्रुवारी १९९९, बुधवार. शारजा.

अखेर पोचले. विमानात शेजारी बसलेल्या बाईंनी सगळी दुबई तोंडी सांगून टाकल्यामुळे उतरल्यावर नवल वाटावं असं फारसं उरलं नव्हतं. एकाच गोष्टीचं नवल वाटलं. न्यायला नीलेश आला नव्हता.

त्याच्या जागी त्याचा मित्र ॲल्फ्रेड आणि ॲल्फ्रेडची बायको इनेज उभी होती. दोघं वसईची. ॲल्फ्रेड एका हॉटेलात आहे, पाहुण्यांनी काय बघायचं, कुठं जायचं ते ठरवून देतो. माझा व्हिसाही त्यानंच काढला. त्या हॉटेलचं वायरिंग करायला आमचा नीलेश गेला होता, तेव्हाची यांची ओळख. ॲल्फ्रेडनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि सांगितलं, नीलेशला कंपनीनं काल एकाएकी समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर कामाला पाठवलं, तिथं फोन लागत नाही, आठदहा दिवसांत येईल, इन्शाल्ला. हे सगळं तो पिशवीकडे बघून बोलला.

मला राग आला आणि मी तो गिळलाही नाही. आईला परमुलखात बोलवायचं आणि आपण बेटावर जाऊन बसायचं, ही कुठली रीत, असं गाडीत दोनदा म्हणाले. कुणी हसलं नाही.

मुक्काम अल नहदाला यांच्याच घरी आहे. रस्त्याच्या पलीकडे दुबई, अलीकडे शारजा. नीलेश राहतो तो कामगारांचा कॅम्प इथून जवळच आहे, पण तिथं बायकांची सोय नाही. कॅम्पचं नाव सोनापूर. मुंबईत सोनापूर म्हणजे मसणवटा. नीलेशनं पहिल्यांदा पत्ता कळवला तेव्हा मी म्हटलं होतं, बाबा रे, चारचौघांत हे नाव नको सांगूस. फोनवर खदखदा हसला होता.

४ फेब्रुवारी, गुरुवार

आईला मॉल नकोत, किल्ले नि म्युझियम दाखवायची, असं नीलेशनं या दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं. चिपळुणात आयुष्यभर इतिहास शिकवला मी, पोरगं ओळखतं आईला, वडील गेल्यापासून तर जास्तच. ॲल्फ्रेडनं कामाची वेळ बदलून घेतली आणि सकाळीच मला दुबईच्या म्युझियमला नेलं. एवढं घाईनं नेण्याचं कारण नव्हतं. मी अजून नीट चहाही घेतला नव्हता.

किल्ला आहे, पण आमच्याकडे याला चौकी म्हणतील. दोनशे वर्षांपूर्वीचा, समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाचा. खाली तळघरात अंधार करून माणसांएवढे पुतळे मांडलेत. मोती काढणारे, लोहार, मदरशात बसलेली पोरं. हातोड्याचे आवाजसुद्धा लावलेत. एका कोपऱ्यात उत्खननात सापडलेली कबर हाडांसकट मांडली आहे. मी तिथं थांबले तर ॲल्फ्रेड म्हणाला, इकडे काय नाय काकू, पुढं चला. अरे, मेलेल्यांवरूनच कळतं जिवंत माणसं कशी राहत होती, असा एक पाठ मी तिथल्या तिथं दिला. तो ऐकायला थांबला नाही, वर उन्हात जाऊन उभा राहिला.

मी वर आले तेव्हा मोबाईलवर हळू आवाजात हिंदीत बोलत होता. मला बघताच "खलास, खलास, बाद में" म्हणून फोन ठेवला. डोळे लाल होते. म्हणाला, इथं वाळू फार उडते.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सुट्टीचा वार. सकाळी इनेजनं ऊद मेथाच्या चर्चमध्ये नेलं. मी म्हटलं, देव कुठलाही असो, खुर्ची मिळाली की झालं. प्रार्थनेच्या मध्येच पाद्रीबाबांनी इंग्रजीत काही नावं वाचली. जोसेफ, मारिया, अँथनी, आणि मग नीलेश. स्पष्ट ऐकलं मी. इनेजला विचारलं तर ती म्हणाली, प्रवासात असलेल्यांसाठी प्रार्थना होती काकू. आमच्या पोरासाठी परक्या देवाकडे कुणी शब्द टाकतंय, मला गहिवरून आलं. मारिया आणि जोसेफ कुठं प्रवासाला गेलेत ते मात्र विचारायचं राहिलं.

संध्याकाळी शिंदग्याला जुन्या शेखांचा वाडा बघितला. पोवळ्याच्या भिंती, वारा खाली ओढून घेणारे मनोरे, जुन्या दुबईचे फोटो. खाडी ओलांडायला लाकडी होडी, अब्रा म्हणतात. ॲल्फ्रेडची पोरगी करेन माझ्या शेजारी बसली होती. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, असा आमचा संसार चाललाय. तिला विचारलं, नीलेशकाका तुला चॉकलेटं आणतो का गं? ती म्हणाली, "आय ॲम नॉट सपोज्ड टू टॉक अबाउट नीलेश अंकल." इनेजनं तिला जवळ ओढून घेतलं आणि पाण्यावरचे पक्षी दाखवायला लागली.

पाणी कुठंतरी मुरतंय.

चिपळूणला स्वप्नालीला फोन केला. लेकीचा आवाज बसला होता, सर्दी झाली म्हणाली. गोळ्या वेळेवर घेतेस ना, हे तिनं इतक्यांदा विचारलं की मला माझ्याच हृदयाची काळजी वाटायला लागली. तो झटका येऊन दोन वर्षं झाली, पण ही पोरगी मला अजून काचेचं भांडंच समजते.

८ फेब्रुवारी, सोमवार

पाणी कुठं मुरतंय ते कळलं.

दुपारी इनेज आंघोळीला गेली होती, फोन वाजला, मी घेतला. बाईचा आवाज, हिंदी हैदराबादकडची. म्हणाली, मैं सुरैय्या बोल रही हूँ, ॲल्फ्रेडभाई को बोलना नीलेश का वैसाइच है. मी म्हटलं, मी नीलेशची आई. मग ती म्हणाली, "अम्मी, आप दुआ करो," आणि फोन ठेवला.

अम्मी!

म्हणजे बेट वगैरे सगळं थोतांड. पोरानं लग्न केलंय, आणि घरात आईसमोर उभं राहायचं धाडस होत नाही म्हणून दडून बसलाय. "वैसाइच है" म्हणजे अजून तयार होत नाही. मित्र बिचारे मला किल्ले दाखवत वेळ काढताहेत. आता सगळ्याचा उलगडा झाला, पिशवीकडे बघून बोलणं, स्वप्नालीची सर्दी. तिलाही ठाऊक आहे म्हणजे.

इनेजला काही बोलले नाही. संध्याकाळी शारजाच्या म्युझियमला गेलो तेव्हा डोळ्यांपुढं तेच. तिथं वाळवंटातल्या एका धन्याबरोबर पुरलेले उंट आणि घोडा दाखवलेत. घोड्याच्या तोंडावर सोन्याचा साज होता म्हणे. पुन्हा कबर. या ॲल्फ्रेडला विचारलं पाहिजे, इथं जिवंतांचं म्युझियम आहे की नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आज कुठं गेले नाही. पडून राहिले, डोकं दुखतंय असं सांगितलं.

खोटं कशाला लिहू, कालची रात्र वाईट गेली. मुसलमान सून म्हटल्यावर मी हबकलेच. एकीकडे अकबराच्या सुलह-ए-कुलवर, सगळ्या धर्मांशी सलोख्यावर, पन्नास मिनिटं बोलायचं आणि आपल्या घरात आलं की हबकायचं, हे मला शोभत नाही हे मला कळतं. पण कळणं आणि वळणं वेगळं. नातेवाईक काय म्हणतील हेही मनात आलं. मग आठवला तिचा आवाज. दुआ करो म्हणाली, ते उगाच म्हणाली नाही. पोरगी त्याच्यावर जीव टाकणारी आहे, एवढं मला फोनवर कळलं. आईला दुसरं काय हवं असतं? नीलेश समोर आला की आधी एक थोबाडीत देणार आणि मग दोघांना पोटाशी धरणार, असं ठरवलं. ठरवल्यावर डोकं दुखायचं थांबलं.

१० फेब्रुवारी, बुधवार

आज मी पराक्रम केला. इनेज करेनला शाळेतून आणायला गेली तेवढ्यात खाली उतरले, टॅक्सीला हात केला आणि सांगितलं, सोनापूर. पठाण टॅक्सीवाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. माझ्या वयाची बाई तिथं जात नसावी.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. नुसती धूळ, लांबच लांब बराकी, दोऱ्यांवर निळे डगले वाळत घातलेले. बसगाड्या सकाळीच माणसं भरून नेतात, त्यामुळे सगळं ओस. नीलेशच्या कंपनीची पाटी शोधून फाटकाशी गेले. उंचच उंच सुदानी पहारेकरी होता. त्याला ना हिंदी येईना ना इंग्रजी. शेवटी मी नुसतं नाव घेतलं, नीलेश, आणि छातीवर बोट ठेवून म्हटलं, आई, मदर.

त्याच्या लक्षात आलं. त्यानं फाटकाबाहेर हात केला आणि म्हणाला, "बर्रा, बर्रा."

मी म्हटलं, बरा आहे ना?

"ऐवा, बर्रा." ऐवा म्हणजे होय, एवढं मला करेननं शिकवलंय.

मग त्यानं छातीवर हात ठेवला, मान हलवली आणि म्हणाला, "मिस्कील. नीलेश मिस्कील." शेवटचं अक्षर जरा नाकात गेलं, पण शब्द तोच. सोनापुरात निम्मं कोकण राहतं, त्याला चार शब्द मराठी आले तर नवल काय. आणि शब्द तरी किती नेमका उचलला! नीलेशला त्या एका शब्दापलीकडे कुणी काही म्हणू नये. सहावीत वर्गात मला "बाई" म्हणायचा आणि घरी आल्यावर माझ्याच नकला करून दाखवायचा.

पहारेकऱ्यानं मला त्याच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. टॅक्सीपर्यंत सोडायला आला आणि दार आपल्या हातानं लावलं. मी रस्ताभर मनातल्या मनात गात आले. बरा आहे, मिस्कील आहे. दुसरं मला काही नको.

घरी कुणालाच काही सांगितलं नाही. यांना वाटू दे मी भोळी आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात काहीतरी बिनसलंय. काल दुपारी ॲल्फ्रेड अवेळी घरी आला, आणि नवरा-बायको खोलीत दार लावून बसली. मग इनेज बाथरूममध्ये गेली आणि कितीतरी वेळ नळ सोडून ठेवला. बाहेर आली तेव्हा तोंड सुजलं होतं. आज चर्चला गेली ती मला न घेता. घरात टीव्ही बंद. मांस-मच्छीही बंद, मी मुद्दाम विचारलं की तुमचे उपास अजून पुढं आहेत ना? ती म्हणाली, हो काकू, आम्ही थोडे आधी धरलेत.

भांडण झालं असावं. दुसऱ्याच्या संसारात बोलू नये, पण रात्रीच्या भाकऱ्या मी केल्या. इनेज ओट्याशी आली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली आणि पीठ लागलं तरी हलली नाही. मी म्हटलं, होतं असं गं, नवरे असेच असतात.

ॲल्फ्रेडनं मला एकही जागा दाखवायला नेलं नाही. दिवसभर कुठल्या कुठल्या ऑफिसांत होता. माझा पासपोर्ट मागून घेतला, तिकिटाचं काहीतरी करायचं म्हणाला. चिपळूणला फोन लावला तो जावयानं, विघ्नेशनं घेतला. स्वप्नाली झोपली आहे म्हणाला. भरदुपारी.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून काढते, म्हणजे मलाही नीट कळेल.

मीच हट्ट धरला म्हणून ॲल्फ्रेड अजमानला घेऊन गेला. तिथल्या किल्ल्यात म्युझियम आहे. अंगणात जुन्या तोफा. माझं लक्ष एका बुरुजाकडे होतं, तेवढ्यात शाळेतली चार पोरं तोफेवर चढली आणि रखवालदार ओरडत धावला, "बर्रा! बर्रा!" पोरं दरवाजातून बाहेर पळाली.

मी तिथंच उभी राहिले. ॲल्फ्रेडला विचारलं, हा काय म्हणाला?

"बाहेर. बर्रा म्हणजे बाहेर व्हा."

"आणि मिस्कील?"

तो म्हणाला, "मिस्कीन असेल काकू. म्हणजे बिचारा. अरबी लोक कीव आली की म्हणतात. का?"

मी त्याला सांगितलं, मी सोनापूरला गेले होते. पहारेकरी काय म्हणाला तेही सांगितलं. ॲल्फ्रेड तोफेच्या दगडी कट्ट्यावर खाली बसला. रखवालदार त्याला उठवायला आला आणि त्याचा चेहरा बघून परत गेला. माझ्या छातीत धडधडायला लागलं. जिभेखाली ठेवायची गोळी पर्समधून काढून हातात धरली. मी विचारलं, बिचारा का म्हणाला तो माझ्या मुलाला?

ॲल्फ्रेडनं माझ्या हातातल्या गोळीकडे बघितलं. मग म्हणाला, "काकू, नीलेश तुमच्याबरोबर घरी येतोय. शुक्रवारी, त्याच विमानानं. आम्ही सगळं करतोय. तुम्ही फक्त तब्येत सांभाळा."

मला हुंदका फुटला. त्यानंही डोळे पुसले.

येताना गाडीत सगळं जुळवलं. बाहेर, म्हणजे नोकरीतून बाहेर. कंपनीनं काढून टाकलं, म्हणून बिचारा. म्हणून कॅम्पवर नाही, म्हणून लाजेनं आईपुढं येत नाही, म्हणून ॲल्फ्रेड ऑफिसांचे उंबरे झिजवतोय. तरुण मुलगा रिकाम्या हातानं परत जाणार, वाईट वाटणारच. पण मी म्हणते, शिर सलामत तर पगडी पचास. चिपळुणात काय वायरिंग करायला घरं नाहीत? हे मी ॲल्फ्रेडलाही म्हटलं. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन तापलंय म्हणाला, आणि उतरून बाहेर उभा राहिला.

१७ फेब्रुवारी, बुधवार

सुरैय्या येऊन गेली. मी कल्पना केली होती तशी नाही, तिशीची असेल, सावळी, साधी. पांढरा युनिफॉर्म, वरून काळा अबाया. दवाखान्यात नर्स आहे. मला बघताच वाकली. मी तिला उठवून जवळ घेतलं आणि हिंदीत सांगितलं, बेटा, मला सगळं माहीत आहे. मी रागावलेली नाही.

तिनं दचकून इनेजकडे बघितलं. इनेजनं मान हलवली, काय सुचवलं कळलं नाही.

सुरैय्यानं माझे दोन्ही हात धरून ठेवले. म्हणाली, अम्मी, वो अकेला नहीं था. मैं हर ड्यूटी में उसके पास थी. मी म्हटलं, ते तर दिसतंच आहे. तू कधी येणार चिपळूणला? मी माझ्या हातातल्या सोन्याच्या बांगड्यांतली एक काढून तिच्या हातात घातली. ती नको नको म्हणत होती आणि रडत होती. गेल्यावर लक्षात आलं, नीलेशला कधी भेटू देणार हे तिलाही विचारायचं राहिलं.

हल्ली माझं विचारायचं फार राहतं. पोरांच्या तोंडून उत्तर काढण्यात माझा हातखंडा होता. इथं प्रश्न जिभेवर येतो आणि मी पाणी पिते.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या निघायचं. बॅग भरून झाली. ॲल्फ्रेडनं सगळ्या म्युझियमची पुस्तकं आणून दिली, इनेजनं खजुराचा डबा. करेन गळ्यात पडली आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली. म्हणाली, आजी, रडू नको हां. मी कुठं रडत होते?

ॲल्फ्रेडला विचारलं, नीलेशची सीट माझ्या शेजारचीच ना. म्हणाला, त्याचं कंपनीनं वेगळं केलंय काकू, तुमच्याबरोबर मी येतोय. रजा मिळाली म्हणे. मी म्हटलं, मग नीलेश थेट विमानतळावर भेटेल? तो म्हणाला, मुंबईला उतरल्यावर. मी बरं म्हटलं. आणखी एक प्रश्न होता. तो घेऊन बाल्कनीत जाऊन उभी राहिले, खाली गाड्यांच्या रांगा बघितल्या, आणि तसाच परत घेऊन आले.

संध्याकाळी चिपळूणहून विघ्नेशचा फोन. घरी सगळे जमलेत म्हणाला, पुण्याचे दीरही आलेत, शेजाऱ्यांनी अंगण झाडून मांडव घातलाय. मागं कुणीतरी बाई मोठ्यानं रडत होती, स्वप्नालीसारखा आवाज होता, त्यानं पटकन रिसीव्हरवर हात ठेवला. नोकरी गेलेल्या पोराचं एवढं स्वागत आमच्या आळीत तरी मी पाहिलं नाही. मुंबईहून न्यायला विघ्नेश स्वतः येतोय. आपली जीप पुरणार नाही म्हणून मोठी गाडी ठरवली आहे, मागं माणूस आडवा झोपेल एवढी लांब. आई, तुम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी बसा, म्हणाला.

नीलेशचं सामान तेवढं असणारच. इतक्या वर्षांनी येतोय. दुसरं काय असणार.